कथा ठाऊक असणे : सेसिल हेपवर्थ, दादासाहेब फाळके आणि मूकपटाचे आख्यानरूप

१९१२ च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ विमापत्रावर उभे केलेले थोडे भांडवल होते आणि ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीचा पत्ता होता. या साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांना टेम्स नदीकाठच्या वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखविला. फाळके यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व छिद्रणयंत्र विकत घेतले आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मायदेशी परतले. मराठी चित्रपटविषयक लेखनात हेपवर्थ हे नाव बहुधा एवढ्या एका प्रसंगापुरतेच येते. उदार साहेबाने होतकरू हिंदी माणसाला विद्या दिली, असा त्या प्रसंगाचा घाट असतो. पुढे फाळके यांची राष्ट्रीय कथा सुरू होते आणि हेपवर्थ पडद्याआड जातात.

प्रस्तुत निबंधात हा क्रम थोडा बदलून पाहावयाचा आहे. तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ या संकल्पनेने आपल्याला पुष्कळ काळ गुंतवून ठेवले. कोणाकडून कोणी काय घेतले, याच्या याद्या आपण केल्या. परंतु वॉल्टनच्या भेटीत जे देवघेवीचे होते ते प्रामुख्याने यंत्रविद्येचे होते, कथनाचे नव्हते. कथनाच्या बाबतीत हे दोघे गुरुशिष्य नसून समकालीन आहेत. हेपवर्थ यांचा जन्म १८७४ चा, फाळके यांचा १८७० चा. म्हणजे ‘शिष्य’ चार वर्षांनी वडील आहे. या दोघांपुढे एकच प्रश्न उभा होता : शब्दाविना गोष्ट सांगताना प्रेक्षकाला आधीच काय ठाऊक आहे असे धरून चालावे? या प्रश्नाच्या उजेडात हेपवर्थ यांची कारकीर्द वाचली, तर फाळके यांच्यावर ठेवण्यात येणाऱ्या एका जुन्या आक्षेपाचाही पुनर्विचार करावा लागतो.

हेपवर्थ यांचे वडील टॉमस क्रॅडॉक हेपवर्थ हे जादूच्या कंदिलाचे व्याख्याते होते. काचपट्टीवरील चित्र पडद्यावर पाडावयाचे आणि शेजारी उभे राहून त्याचे निवेदन करावयाचे, हा व्हिक्टोरियन इंग्लंडमधला मोठा लोकप्रिय व्यवसाय होता. मुलगा या व्यवसायातच वाढला. १८९७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने चलच्चित्रणावर एक छोटे पुस्तक लिहिले. या विषयावरील अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. तेव्हा चित्रपट दाखविला जाऊ लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गृहस्थाच्या स्वभावाचा अंदाज येतो. पुढे त्याने वॉल्टन येथे घर भाड्याने घेतले, बागेत लाकडी रंगमंच उभारला आणि स्वयंपाकघराच्या आसपास फिल्म धुण्याची सोय केली.

कंदील आणि निवेदक ही जोडी महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. कल्याणचे महादेवराव पटवर्धन आणि त्यांचे कुटुंबीय १८९० च्या दशकापासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचचित्रांचे खेळ करीत होते. रामायण-महाभारतातील प्रसंग हाताने रंगवून, एकावर एक चित्रे सरकवून हालचालीचा भास निर्माण केला जाई व त्याला निवेदन, गाणे आणि संवाद यांची साथ असे. वॉल्टन आणि कल्याण यांच्यात कोणताही संपर्क नसताना चित्रपटाच्या अलीकडे दोन्हीकडे एकच रचना उभी होती. चित्र मुके असे आणि शब्द त्याच्या शेजारी उभा असे. मूकपट हा ‘शब्दाचा अभाव’ नसून शब्दाची जागा बदललेली कला आहे, हे मत मांडताना पुष्कळदा केवळ युरोपीय दाखले दिले जातात. पटवर्धनांचा दाखला त्यांहून कमी बोलका नाही.

हेपवर्थ यांच्या आरंभीच्या चित्रफिती मिनिटाभराच्या चमत्कृती आहेत. १९०० सालच्या एका फितीत मोटारगाडी थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर, येऊन आदळते. दुसऱ्या एकीत मोटारीचा स्फोट होऊन प्रवाशांचे अवयव आकाशातून खाली पडतात आणि पोलिस शांतपणे त्यांची मोजदाद करतो. फाळके हेही हौशी जादूगार होते व आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत असत, याची येथे आठवण होते. जादू ही या कलेची पहिली शाळा होती. तिच्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नाला खरी सुरुवात १९०३ पासून होते.

त्या वर्षी हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी लुइस कॅरलची ‘अ‍ॅलिस’ पडद्यावर आणली. लांबी सुमारे ८०० फूट, अवधी दहा-बारा मिनिटे. तोवरच्या ब्रिटिश चित्रपटांत सर्वांत दीर्घ. साहित्यकृतीच्या रूपांतराचे हे फार आरंभीचे उदाहरण असल्याने तौलनिक अभ्यासकांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बारकाईने पाहता हे पुस्तकाचे रूपांतर नव्हेच. हेपवर्थ यांनी समोर ठेवली होती ती जॉन टेनिएल यांची रेखाचित्रे. पोशाख, मुद्रा, पात्रांची मांडणी ही सारी त्या चित्रांवरून घेतलेली आहे. कॅरलची गंमत शब्दांत आहे, श्लेषांत आणि तर्काच्या कोलांटउड्यांत आहे. ती मूकपटाच्या हाती लागणे शक्य नव्हते. हाती लागले ते इंग्रज मुलांच्या मनात आधीच कोरले गेलेले दृश्य. आणखी एक गोष्ट महत्त्वाची : खेळ करणाऱ्यांना या चित्रपटातील दृश्ये सुटी सुटीही विकत घेता येत असत. मधलेच एखादे दृश्य दाखविले तरी प्रेक्षक गोंधळून जात नसे, कारण उरलेली ‘अ‍ॅलिस’ त्याच्या डोक्यात होती.

कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. हरिश्चंद्राच्या आख्यानातला केवळ स्मशानाचा प्रसंग कीर्तनकाराने लावला, तर आधीचे राज्यदान त्याला सांगावे लागत नाही. हा निबंध ज्या परिसरात लिहिला जात आहे, त्या रायपूर-सिलतऱ्याकडे पंडवानी ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तर हे सांगण्याचीही गरज नाही. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो. सबंध महाभारत सांगितले जात नाही, एक प्रसंग सांगितला जातो आणि बाकीचे श्रोत्यांच्या ठायी असते. ‘अ‍ॅलिस’ या अर्थाने इंग्रजी आख्यान होते. टेनिएल यांचे तेथे जे स्थान, ते आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील चित्रांचे होते. फाळके यांनी स्वतः लोणावळ्याच्या बाजूला रविवर्मा छापखान्याच्या संबंधात काम केले होते आणि पुढे आपला छापखानाही काढला होता. म्हणजे ज्या प्रतिमा त्यांनी पुढे हालत्या केल्या, त्या घरोघरी पोहोचविण्याच्या उद्योगात त्यांचा आधीच हात लागला होता. दोघेही साहित्याकडे पुस्तकाच्या दाराने गेले नाहीत. चित्राच्या दाराने गेले. रूपांतराचा अभ्यास करताना आपण संहिता आणि चित्रपट अशी दोनच टोके धरतो, आणि मधला छापील चित्रांचा हा सबंध थर आपल्या हातून निसटतो. हा दोष साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आहे. चित्रकलेच्या इतिहासकारांचा नव्हे.

१९०५ साली वॉल्टनमधून बाहेर पडलेला ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ मात्र सर्वस्वी वेगळ्या जातीचा आहे. दिग्दर्शन लुइन फिट्झहॅमन यांचे. कथा हेपवर्थ यांच्या पत्नीची. दाईचे लक्ष नसताना एक भिकारीण तान्हे मूल पळविते. घरचा कुत्रा रस्ते, नदी ओलांडून माळ्यावरची तिची खोली शोधून काढतो, परत येऊन धन्याला ओढून नेतो आणि मूल घरी येते. धनी स्वतः हेपवर्थ, आई त्यांची पत्नी, मूल त्यांची मुलगी आणि कुत्रा घरचाच. खर्च ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. ३९५ प्रती विकल्या गेल्या. मागणी एवढी की मूळ निगेटिव्ह झिजून गेले आणि सबंध चित्रपट आणखी दोनदा नव्याने चित्रित करावा लागला.

ही गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक नव्हती. तिच्यामागे ना पुस्तक होते, ना चित्र, ना धर्मकथा. कुत्रा कोठून कोठे जातो आहे, हे चित्रपटानेच सांगावयाचे होते. म्हणून तोच रस्ता, तीच नदी, तीच दारे एका क्रमाने जाताना दिसतात व येताना उलट क्रमाने दिसतात. कुत्रा एका दृश्यातून ज्या दिशेने बाहेर पडतो त्याला जुळेल अशाच दिशेने पुढल्या दृश्यात शिरतो. पुढे ज्याला चित्रपटाचे व्याकरण म्हटले गेले त्याचे हे एक अत्यंत स्वच्छ आरंभीचे रूप आहे. ते अवतरले, कारण ऐकीव कथेचा आधार नव्हता. एकाच बागेत, दोनच वर्षांच्या अंतराने, तीच माणसे एकदा ‘मागासलेला’ आणि एकदा ‘प्रगत’ चित्रपट करतात. याचा उलगडा कौशल्याच्या वाढीने होत नाही, असे माझे मत आहे. तो कथेच्या पूर्वपरिचयाने होतो.

या मताला हेपवर्थ यांच्याच पुढील कारकिर्दीतून पुष्टी मिळते. १९१३ साली त्यांच्या कंपनीने ‘हॅम्लेट’ काढला. दिग्दर्शक हे प्लंब, आणि हॅम्लेटच्या भूमिकेत त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ गणले गेलेले जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन, वय वर्षे साठ. रंगभूमीवरून निवृत्त होऊ लागलेल्या नटाची भूमिका जतन करावी हा हेतू. पडद्यावर ते बोलत आहेत. ओठ हलतात, स्वगते चालली आहेत आणि ऐकू काहीच येत नाही. ‘रोव्हर’नंतर आठ वर्षांनी आलेल्या या चित्रपटात कॅमेरा बहुधा स्थिर आहे, दृश्ये लांब आहेत. सरळ रेषेतील विकासाचा इतिहास लिहिणाऱ्याला हे घसरणीचे लक्षण वाटेल. परंतु ज्या प्रेक्षकाला ‘हॅम्लेट’ पाठ आहे त्याला ओठांची हालचाल पुरेशी होती. तो मनातल्या मनात ओळी म्हणत होता. कीर्तनाच्या श्रोत्याचीच ही इंग्रजी आवृत्ती.

आता फाळके यांच्याकडे वळू. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला. लांबी सुमारे ३७०० फूट. त्याच्याविषयी लिहिताना आपले समीक्षकही ‘नाटकी मांडणी’, ‘स्थिर कॅमेरा’, ‘चित्रमालिकेसारखी रचना’ असे शब्द योजतात आणि मग आद्यपुरुष म्हणून सवलत देतात. ही सवलत फाळके यांना नको आहे. ज्या वर्षी इंग्लंडातला एक अग्रगण्य निर्माता ‘हॅम्लेट’ त्याच पद्धतीने करीत होता, त्याच वर्षीचे हे काम आहे. आणि कारणही तेच आहे. फाळके यांना चित्रपटाकडे ओढणारी घटनाही याच जातीची होती. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत नमूद केले. हा उद्गार स्वदेशीच्या अंगाने पुष्कळदा वाचला गेला आहे, आणि ते वाचन योग्यच आहे. पण त्यात कथनशास्त्राचीही एक गोष्ट दडलेली आहे. ख्रिस्तचरित्राचे ते चित्रपट सुट्या प्रसंगांची माळ असत. भाविकाला क्रम ठाऊकच असे. अशा माळेतील एक मूर्ती काढून तेथे दुसरी बसविता येते. ‘रोव्हर’ पाहून कोणाला कृष्ण दिसला नसता.

मात्र हे सूत्र फार ताणता कामा नये. ‘कालियामर्दन’ (१९१९) या फाळके यांच्या चित्रपटाचा बराच भाग उपलब्ध आहे, आणि तो या सूत्राला अडचणीत आणतो. आरंभी त्यांची सुमारे सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक मुद्रा करून दाखविते. मग तीच कृष्ण होते. म्हणजे मुलगी आणि देव यांतील अंतर आधी उघड करून मग विसरावयास लावले आहे. हे दशावतारी खेळातल्या किंवा कीर्तनातल्या माणसाला सुचणारे आहे. पण पुढे डोहात कृष्णाचे कालियाशी युद्ध चालू असताना काठावरच्या आकांताची दृश्ये मधूनमधून येतात. कृष्ण जिंकणार हे थिएटरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. तरीही काठ आणि डोह यांची ही ये-जा जीव टांगणीला लावते. येथे परिचित कथेच्या पोटात अपरिचित कथेचे तंत्र शिरले आहे. ते फाळके यांनी पाहिलेल्या परदेशी चित्रपटांतून आले, की कीर्तनकाराच्या ‘इकडे काय झाले’ या पालुपदातून आले, हे ठरविण्याचा खटाटोप मला निष्फळ वाटतो. दोन्ही वाटा त्यांना ठाऊक होत्या.

दोघांच्या कामाची रीतही सारखी होती. दोन्हीकडे कारखाना म्हणजे घर. वॉल्टनला पत्नी कथा लिहिते, राणीची भूमिका करते. दादरला आणि पुढे नाशिकला सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडतात, ती धुतात आणि कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाकही करतात. हेपवर्थ यांची मुलगी पळविलेले मूल होते, फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास होतो. फरक लागतो तो स्त्रीपात्रांपाशी. इंग्लंडात बाई मिळण्याची अडचण नव्हती. येथे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली, आणि दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पाऊल टाकीपर्यंत ही कोंडी फुटली नाही. साळुंके यांनी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला तेही चालण्यासारखे होते.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. हेपवर्थ यांनी ते दाखविण्याची व्यवस्था केली आणि इंग्लंडात राहून हिंदी विषयांवरचे चित्रपट आपल्या खर्चाने काढावेत असा प्रस्ताव मांडला, असे फाळके यांचे चरित्रकार सांगतात. फाळके यांनी नकार दिला. नकाराचे श्रेय देशभक्तीला दिले जाते. तिच्या जोडीला एक व्यावहारिक शहाणपण त्यात असावे असे वाटते. वॉल्टनमध्ये काढलेला ‘सत्यवान सावित्री’ कोणासाठी झाला असता? सावित्री ठाऊक नसलेल्या प्रेक्षकासाठी तो समूळ वेगळा रचावा लागला असता. तसे करताना तो फाळके यांचा राहिला नसता. त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि प्रश्न तसाच मिटला.

पुढील दहा वर्षांत दोघांचीही घरे कंपन्यांनी गिळली. फाळके यांनी भागीदारांसह १९१८ मध्ये ‘हिंदुस्थान’ कंपनी काढली, मतभेद होऊन ते बाहेर पडले, काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. आयुष्यभर मुक्या चित्रांशी झटलेला माणूस रागावून गेला तो बोलण्याकडे गेला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. नंतर ते परतले, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. हेपवर्थ यांनी १९१९ मध्ये मोठ्या भांडवलाची सार्वजनिक कंपनी काढली आणि १९२३-२४ मध्ये ती बुडाली. १९२३ चा ‘कमिन थ्रू द राय’ हे त्यांचे आवडते काम. १९१६ मध्ये एकदा केलेला तोच चित्रपट त्यांनी पुन्हा केला होता. त्यात दृश्यावरून दृश्यावर जाताना झटका बसू नये म्हणून ते चित्र हळूच काळोखात बुडवून पुन्हा उजळवितात. अमेरिकन चित्रपटांच्या वेगाला सरावलेल्या प्रेक्षकाला हा संथपणा मानवला नाही. कंदिलाच्या व्याख्यात्याचा मुलगा शेवटपर्यंत काचपट्टी सावकाश बदलत राहिला, असे मला वाटते. ‘रोव्हर’चा वेग ही त्याची प्रकृती नसून कथेने घातलेली सक्ती होती.

बोलपटाने दोघांचाही उरलासुरला आधार काढून घेतला. फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. हेपवर्थ जाहिरातपट आणि आगामी चित्रपटांच्या झलका तयार करण्याच्या नोकरीवर राहिले. पडद्याशेजारी उभे राहून आरंभीच्या चित्रपटांवर व्याख्यानेही देत. वडिलांचाच व्यवसाय म्हणावयाचा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या इतिहास समितीचे ते अध्यक्ष होते. १९५१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले आणि १९५३ मध्ये ते वारले.

त्यांच्या चित्रपटांचे काय झाले, हा प्रश्न संहिताचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्यांनी हाती घेण्यासारखा आहे. कंपनी बुडाल्यावर हेपवर्थ यांची निगेटिव्ह घेणेकऱ्यांच्या वतीने वितळविण्यात आली. त्यांतील चांदीला बाजारभाव होता, चित्राला नव्हता. आज जे शिल्लक आहे ते विकल्या गेलेल्या प्रतींमुळे. ‘रोव्हर’च्या प्रती जगभर पसरल्यामुळे तो वाचला, पण तीन वेळा चित्रित झालेल्या या कृतीची ‘मूळ संहिता’ कोणती म्हणावयाची? ‘अ‍ॅलिस’ची एकच जीर्ण प्रत उरली होती, तिच्यावरून २०१० मध्ये ती दुरुस्त करण्यात आली. इकडे ‘राजा हरिश्चंद्र’चे जे अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, ते १९१३ चे की १९१७ मध्ये फाळके यांनी पुन्हा काढलेल्या चित्रपटाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या अंशांवरील मजकूर हिंदी आणि इंग्रजी आहे. मराठी अक्षर त्यांत नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर पिढ्यान्‌पिढ्या कष्ट घेतलेल्या मराठी संशोधनपरंपरेने या फितींचे पाठ अद्याप हस्तलिखिताच्या काटेकोरपणाने लावलेले नाहीत. दृश्यांचा क्रम, मजकूरपट्ट्यांची भाषा, रिळाच्या कडेवरील खुणा आणि नटांची बदललेली वये, एवढ्या साधनांवर काम सुरू करता येते.